नऊवरचा काटा

३ मार्च, सोमवार. सकाळ.

सूनबाईचं कॉफीचं मशीन तिच्या मनासारखं चालत नाही. पंप पंधराचं प्रेशर मारतो, तिला पाहिजे नऊ. पाणी कधी उकळतं, कधी नुसतंच गरम, म्हणून एक कप कडू आणि दुसरा आंबट. एवढंच. त्यासाठी मेकॅनिक बोलावणार म्हणते.

मेकॅनिक! इस्पितळाच्या लाँड्रीचा बॉयलर जन्मभर सांभाळलेला माणूस घरात पेपर वाचत बसलाय आणि ह्यांना मेकॅनिक पाहिजे. काखेत कळसा नि गावाला वळसा. सांगून टाकलं, आजपासून चार्ज माझा. मशीनला कोणी हात लावायचा नाही.

सूनबाई म्हणाली, बाबा, सोळा तारखेला पुस्तकांच्या दुकानाच्या बाई आपल्याकडे येतायत, माझ्या हातची कॉफी प्यायला. आवडली तर दुकानातला कॉफीचा काउंटर मला चालवायला देणार. आणखी दोघीजणी टपून आहेत. तेव्हा जरा जपून.

जपून म्हणे! मला शिकवते. दोन दिवसांचं काम आहे.

४ मार्च.

मशीन उघडलं. आत मुठीएवढा बॉयलर. ह्याला बॉयलर म्हणायचं? आमच्या बॉयलरच्या पोटात माणूस शिरून साफसफाई करायचा. ह्यात झुरळ शिरलं तरी अडकेल. प्रेशर जास्त झालं की पाणी परत सोडायला स्प्रिंगचा एक स्क्रू आहे. म्हणजे सगळा खेळ त्या स्क्रूचा. कळलं. आणखी काही कळायची गरज नाही.

सूनबाईनं फोनवर काहीतरी दाखवलं. एक दाढीवाला पोरगा कॉफीची पूड काट्यावर तोलतोय. सोनार इतकं जपून सोनं तोलत नाही. मी फोन पालथा ठेवला. टेम्परेचर एकसारखं राहावं म्हणून तिनं एक इलेक्ट्रॉनिक डबी मागवलीय, तिच्यावर आकडे दिसतात. म्हटलं, तुझी डबी तुझ्याकडे ठेव. आकडे बघून पाणी तापत नाही.

५ मार्च.

प्रेशर मोजायला गेज पाहिजे. विकत कशाला आणायचा? रिटायर झालो तेव्हा लाँड्रीनं दोन नंबरच्या बॉयलरचा पितळी गेज लाकडी फळीवर बसवून मला भेट दिला होता. भिंतीवरून उतरवला. ही ओरडली, अहो, तो आठवण म्हणून दिलाय, कामाला नाही. म्हटलं, काम काढून घेतलं की वस्तू गंजते. त्यावर म्हणे, कळतंय.

दुपारी. नळी, वॉशर, टेप, गेज बसवून मोकळा झालो. मशीन सुरू केलं. काटा नऊवर! पहिल्याच फटक्यात! अजून स्क्रूला हातसुद्धा लावला नव्हता. पंप पंधरा मारतो म्हणून कोणी सांगितलं हिला? त्या दाढीवाल्यानं?

मशीन बंद केलं. काटा नऊवरच. प्लग काढला. तरी नऊ. प्रेशर धरून ठेवलंय, थेंबभर गळती नाही. ह्याला म्हणतात जोडकाम.

७ मार्च.

कॉफी अजून कडूच म्हणे. सूनबाई एक घोट घेते, तोंड वाकडं करते, सिंकमध्ये ओतते. म्हटलं पूड वाईट आहे. म्हणाली पूड तीच आहे. मग कप वाईट असणार.

ही भाजी निवडता निवडता म्हणाली, अहो, भिंतीवर होता तेव्हाही काटा नऊवरच असायचा. मी दर रविवारी पुसते की.

डोकंच फिरलं. म्हटलं, गेज पुसणं वेगळं आणि गेज वाचणं वेगळं. तर म्हणते, बरं, मग वाचा. लग्न झाल्यापासून असंच तोडून बोलते. रागारागात काचेवर टिचकी मारली. काटा ढिम्म. चांगल्या गेजचा काटा उगाच नाचत नाही.

९ मार्च. सकाळ.

ठरवलं, थोडं प्रेशर वाढवून ठेवायचं. बाईंसमोर अडायला नको. स्क्रू अर्धा फेरा पिळला. नऊ. एक फेरा. नऊ. पंपात जीवच नाही. शेवटी पान्यानं पिळला, पिळला जाईल तेवढा. नऊ!! ह्या कंपन्यांना उलटं टांगलं पाहिजे.

दुपारी. पूड भरायचा दांडा निसटून बाहेर आला. कॉफीचा गाळ छतापर्यंत. दांडा हलका बनवलाय, मी काय करणार? ही वर बघून म्हणाली, रंग बरा आहे, पण मारायचा तर सगळ्या छताला मारा.

सूनबाईनं दांडा उचलला, ओट्यावर ठेवला आणि म्हणाली, बाबा, तुमचा गेज मेलाय. तोंडावर! दोन नंबरच्या बॉयलरचा गेज! मी जेवलो नाही. चार वाजता थोडंसं खाल्लं, ते औषध घ्यायचं असतं म्हणून.

११ मार्च.

प्रेशरचा विषय संपला. आता टेम्परेचर. ह्यात काही डोकं लागत नाही. बॉयलर उघडा ठेवला की ऊब टिकत नाही. लाँड्रीत आम्ही पाइपांना लॅगिंग करायचो, बाळंतिणीला गुंडाळावं तसं. जुनी ग्लासवूल, काचेच्या तंतूंची, पोटमाळ्यावर होतीच. बॉयलरभोवती चांगली जाड गुंडाळली, वरून तार आवळली. थर्मोस्टॅट, वायरी, तो बारकासा फ्यूज, सगळं आत घेतलं. काही म्हणून उघडं ठेवलं नाही. अर्धवट काम मला जमत नाही.

मशीनचं झाकण आता बसत नाही. नसेना. झाकण शोभेचं असतं.

हाताला, मानेला, सगळीकडे खाज. ही म्हणाली सोफ्यावर बसू नका. स्टुलावर बसून लिहितोय.

१३ मार्च.

मशीन असं तापतं की जवळ उभं राहवत नाही. लॅगिंग काम करतंय! कॉफीऐवजी नुसती वाफ येते, पण ती नीट येते.

सूनबाई म्हणाली, बाबा, आता तरी मशीन द्या मला, हात बसवायचाय. म्हटलं, रविवारी सकाळी फिट करून देतो. घाई केली की काम बिघडतं. ती भांडली नाही. डबीचं खोकं उचलून आपल्या खोलीत ठेवून आली. भांडली असती तर मी चार गोष्टी सांगितल्या असत्या.

१६ मार्च, रविवार. सकाळ.

मशीन लागत नाही. दिवासुद्धा नाही. सॉकेटचा दोष. त्याच सॉकेटवर मिक्सर चालतो, असं ही म्हणते. मिक्सरचं सोडा, मिक्सर कशावरही चालतो. लाइनमध्ये दम नाही. ह्या बिल्डिंगचं वायरिंग ज्यानं केलं त्याला माझ्यापुढे उभा करा.

संध्याकाळी. बाई आल्या. बाई चांगल्या आहेत, कमी बोलतात. सूनबाई नवीन साडी नेसून, कप मांडून उभी. मशीन बंद. वेळ जावा म्हणून मी बाईंना प्रेशर समजावलं. बॉयलर म्हणजे काय, काटा नऊवर का पाहिजे. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, मशीन आत्ता बंद आहे ना? म्हटलं हो. म्हणाल्या, मग काटा नऊवर कसा?

ही उठून चहा टाकायला आत गेली. ही बोलली असती तर बरं झालं असतं.

बाई चहा पिऊन गेल्या. जाताना सूनबाईला म्हणाल्या, मंगळवारी दुकानात या, त्या दोघीही येणार आहेत, तिथल्या मशीनवर करून दाखवा. दार लागलं. सूनबाईनं कप परत कपाटात ठेवले, एकेक करून. आवाज न करता.

इतके दिवस पोरीचा हात मशीनला लागलेला नाही. हे ती बोलली नाही. माझं मलाच सुचलं.

१७ मार्च.

सूनबाईनं सुट्टी घेतली. सकाळीच मशीन टेबलावर आणलं. मी खुर्ची ओढली. न बघताच म्हणाली, बाबा, एक शब्दही नको.

ग्लासवूल काढली. हातमोजे घालून. आतला फ्यूज जळलेला. म्हणजे सॉकेट ठीक होतं. नवा फ्यूज लावला. डबी बसवली. स्क्रू मागे घेतला, पुष्कळ मागे. माझा गेज काढून बाजूला ठेवला आणि हार्डवेअरच्या दुकानातून आणलेला बेडकाएवढा गेज लावला. पाना माझाच, पण विचारला नाही.

मशीन सुरू. काटा शून्यावरून उठला, थरथरला, वर गेला, नऊवर थांबला. बंद केल्यावर खाली आला. शून्यापर्यंत. मी बघत होतो. काटा असा खाली येताना बघवत नाही.

दिवसभर कप करत बसली. करायची, चाखायची, ओतायची. पाना पुसून जागेवर ठेवला होता.

एकूण काम माझ्या देखरेखीखाली झालं. मी दारातच उभा होतो.

१८ मार्च.

काउंटर मिळाला! ही रडली. मी म्हटलं, पाया कोणी घातला? कोणी ऐकलं नाही, आनंदात होते.

विचार केला. दुकानातलं मशीन मोठं आहे. त्याला देखभाल लागणार. रोज सकाळी जात जाईन. चार्ज घेतलेला बरा. ही म्हणाली, त्यांनी बोलावलंय का? म्हटलं, बॉयलर कोणाला बोलवत नसतो, आपण जायचं असतं.

२४ मार्च, सोमवार.

दुकानात गेलो. काउंटरच्या तोंडाशी जमिनीवर पिवळी पट्टी चिकटवलेली. बघून ऊर भरून आला. बॉयलरखान्याचा नियम! परक्या माणसानं पट्टी ओलांडायची नाही. म्हटलं, आपलं एवढं तरी घेतलं पोरीनं.

तेवढ्यात झाडू मारणारी बाई बादली घेऊन पट्टीवरून आत गेली. मग दुकानाच्या बाई गेल्या, साखर घ्यायला. मग कुरियरवाला खोकं ठेवून आला. कोणी कोणाला काही म्हटलं नाही.

मी एक पाय टाकला. सूनबाई कप पुसत होती. म्हणाली, बाबा, पट्टी.

अलीकडे उभा राहून कॉफी प्यायलो. कडू नाही, आंबट नाही. चांगली होती. मी तसं म्हणालोही, पण मशीनचा आवाज फार होता.