तुझं नाव त्यानं घेतलं

ऑस्लो, मंगळवार

माझी बोर्गहिल्ड,

जेवण बरं आहे, झोप लागते. गाय व्याली का?

इथे बोलण्याच्या वर्गात बाई आम्हा तोतऱ्यांना जमिनीवर निजवतात. जोडीदार पोटावर हात ठेवतो. श्वास त्या हातापर्यंत उतरला की घरच्या माणसाचं नाव घ्यायचं. काल माझी पाळी होती. ‘बो’वरच छाती आवळली. तेवढ्यात माझा जोडीदार आयविंड, स्वतः तोतरा, तुझं नाव सरळ म्हणून मोकळा झाला. आणि गोड म्हटलं लेकाच्यानं.

बाई म्हणाल्या, “आयविंड, अडखळला नाहीस की रे.”

माझा शब्द दुसऱ्यानं पुरा केला की माझं काय होतं, तुला ठाऊक आहे. त्यात शब्द तू. अजून जळतोय.

शनिवारी येतो. अंगणातून हाक मारीन. वेळ लागेल. नाव पुरं होईपर्यंत दार उघडू नकोस.

तुझाच,
टोरगाइर