आबांनी तपासलेलं दूध

आबा, दवाखान्याच्या बाकावर बसून आईच्या फाईलच्या कोऱ्या पानावर हे लिहितेय. आत तिला सलाईन लावलंय. हलवलं तरी डोळे उघडत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्यांशिवाय दुसरं काही दिलं होतं का?" मी नाही म्हणाले. पुडी पर्समध्ये आहे.

तुम्ही गेलात हेसुद्धा आई विसरलीय. पाच वाजले की दारात उभी राहते, "डेअरीतनं अजून कसं आलं न्हाईत?" म्हणून विचारते. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या लिहिल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. बाकी सगळं मी मोबाईलवर शिकले. एक व्हिडिओ म्हणतो खोबरेल पाजा, दुसरा म्हणतो गोळ्यांनीच मेंदू सुकतो. विचारायचं कुणाला?

अजून डोळ्यासमोर आहे, मी चौथीत आहे. डेअरीत तुम्ही दुधात पाणी आहे म्हणून सगळ्यांसमोर काकांची किटली परत पाठवताय आणि मी रडकुंडीला येऊन म्हणतेय, काका खोटं नाही बोलत. लॅक्टोमीटर पुसता पुसता तुम्ही म्हणता, "माणूस खरा असंल की. पर मी माणूस न्हाय, दूध तपासतोय." काका वर्षभर आपल्याकडे जेवायला आले नाहीत. मला तुमचा भयंकर राग आला होता.

मी मात्र माणूसच तपासला. आईसारखे पेशंट सांभाळणाऱ्यांच्या मोबाईलवरच्या ग्रुपवर गारगोटीकडची एक बाई आहे. सासूचं सगळं एकटी करते, बोलता बोलता माझ्यासारखीच रडते. तिनंच पुडी पाठवली. "सासू आता गपगार झोपती बघा, ताई." पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. पण आई रात्रभर जागी असायची, महिनाभर माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला ते गपगार झोपणंच हवं होतं, आबा.

आज सकाळी पुडी दुधात घातली. जिला माझं नावही आठवत नाही त्या आईनं पेल्याचा वास घेतला आणि तो बाजूला सारला. "ह्यात कायतरी हाय. आमच्या ह्यास्नी दाखव आदी."

आता उठते, डॉक्टरांना पुडी दाखवते. हे पान फाडून ठेवीन, कुणाला दाखवणार नाही. आई दूध पीतच नव्हती, आबा. मी म्हणाले, "आबांनी तपासलंय." मग तिनं पेला सगळा संपवला.