बासरी वाजते तेवढ्यात

जकार्ता,
१२ ऑगस्ट १९८४

चि. वस्तिना हिस,
तुझ्या थोरल्या बहिणीचे, वार्तियायायूचे अनेक आशीर्वाद. मिमीला, आपल्या माउलीला, माझे सलाम. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून गाल फुगवून बसली असशील, ते आधी खाली कर. आपला सिनेमा ‘मिठागराची पोर’ लागला आणि उतरलासुद्धा. एवढ्या मोठ्या शहरात चार दिवस टिकला. पाचव्या दिवशी मी थिएटरवरून गेले, तर माझ्या पोस्टरवर शिडी लावून दोन माणसं कुणा पहिलवानाचं पोस्टर चिकटवत होती. मी सायकलरिक्षातून उतरलेच नाही. मला सांग, ज्या बाईच्या कॅसेट भाजीच्या गाड्यांवरसुद्धा वाजतात, तिचा सिनेमा बघायला माणसं का येऊ नयेत? इथे प्रत्येकाकडे वेगळं कारण आहे. दिग्दर्शक म्हणतो गोष्ट दुबळी, लेखक म्हणतो नट लाकडी, आणि नट म्हणतो मी फार काळी दिसते.

काल निर्माते हांदोयोसाहेबांनी बोलावलं होतं. ते ओरडत नाहीत, चहा पाजून बोलतात, त्याचीच मला जास्त भीती वाटते. म्हणाले, आता प्रिंट तुमच्या किनाऱ्याकडे पाठवतो, मैदानातल्या पडद्यांवर. पाऊस सुरू होईपर्यंत बघू. तुझी माणसं शेवटपर्यंत बसली तर पुढचा सिनेमा तुझा. नाही बसली तर त्यात आवाज तेवढा तुझा घेऊ, चेहरा दुसऱ्या मुलीचा. मुलगी त्यांनी बघूनही ठेवली आहे. गोरी आहे.

तेव्हा एक प्रिंट तुझ्या नवऱ्याच्या ट्रकवर येईल. तार्सिवानला म्हणावं, भिंग पुसून ठेव. कारंज्याच्या गाण्याकडे विशेष लक्ष दे, त्याला आम्हाला तीन दिवस लागले. कोण कुठे हसलं, कोण कुठे रडलं, सगळं कळव. साखर पेरू नकोस.

माझा लोभ तुला ठाऊक आहे, तुझा पत्रातून दिसू दे.
तुझी,
यायू

जुन्तिन्युआत,
२१ ऑगस्ट

ती. वार्तियायायूस,
धाकट्या वस्तिनाचे सलाम. वि. वि.

शनिवारी आपल्या मैदानात सिनेमा दाखवला. गर्दी इतकी की माझ्या तळलेल्या तेंपेच्या वड्यांच्या दोन टोपल्या पहिल्या गाण्याआधीच रिकाम्या. मिमीने तू पाठवलेला हिरवा केबाया घातला होता. नटाने तुझ्या थोबाडीत मारली तेव्हा तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कारंजं फारच छान होतं, एवढं पाणी येतं कुठून?

एक गंमत. पलीकडच्या रास्मिनाच्या बोकडाने तुझं पोस्टर हनुवटीपासून खाली सगळं खाल्लं. आता तू नुसते डोळे वटारून बघतेस. रास्मिना म्हणते कागदाच्या खळीला गोडसर वास होता, बोकडाची चूक नाही. त्यानंतर तो दोन दिवस चारा खाईना, तेव्हा त्याला हळदीचं पाणी पाजलं. आता बरा आहे. आंबे भरपूर धरलेत. यंत्र व्यवस्थित चाललं, असं हे म्हणतात.

मिमीची तब्येत ठीक. तुझी माया अशीच असू दे.
तुझी,
वस्तिना

जकार्ता,
२६ ऑगस्ट

चि. वस्तिना हिस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. बोकडावर अर्धं पान आहे आणि सिनेमा संपला कसा याबद्दल एक ओळ नाही. लहानपणी मिमीचं मडकं फुटलं तेव्हाही तू तिला आधी बदकांची हकीकत सांगितली होतीस. मला जनावरं पुरे. ऐक नोक, माझे धाकटे, इथे तोंडावर गोड बोलणारे वीस जण आहेत, खरं सांगणारी तू एकटीच. मला या सिनेमाचं काय दुखतंय ते शोधायचंच आहे. उलट टपाली लिही.

रागावलेली, तरी तुझीच,
यायू

जुन्तिन्युआत,
३१ ऑगस्ट

ती. यायूस,
सलाम. वि. वि.

मग ऐक. सिनेमा संपला तेव्हा मैदानात चटईवर एकटी मिमी होती.

पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा सगळे डोलत होते. मग बासरीचा तुकडा आला. बासरी आली की आपल्याकडे काय होतं ते तुला मी सांगायला नको. आया पोरांना गप्प करतात, म्हातारे हनुवट्या वर करतात. सोळा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक सुंतेत तू त्या तेवढ्या वेळात नावं पुकारलीस. आधी यजमान, मग चुलीवरच्या बायका, मग मिठागरावरची मंडळी, मग लांबच्या गावाहून आलेले. ज्याला तू पुकारलंस तो वर्षभर सांगत फिरायचा. तर त्या शनिवारी पडद्यावर बासरी वाजली आणि सगळं मैदान स्तब्ध झालं. मीसुद्धा झारा हातात धरून उभी राहिले. आणि तू हसत हसत कारंज्याभोवती पळालीस.

लोकांना वाटलं, दुसऱ्या गाण्यात घेईल. दुसऱ्यातही नाही. तिसऱ्यात काकांच्या जागी असलेले आपले दास्किमवाक उठले. तुझ्या ऑर्केस्ट्रात जन्मभर बासरी फुंकली त्यांनी, नवी टोपी घालून सगळ्यांत पुढे बसले होते. आपली चटई गुंडाळली आणि हळूच म्हणाले, वार्तिया मोठी झाली, आता ती आपल्याला ओळखत नाही. मग एकेक जण उठला. कुणी शिट्टी मारली नाही, की ओरडलं नाही. ज्या घरात पाणीसुद्धा विचारलं नाही, तिथून उठावं तसे गेले.

मी रास्मिनाला म्हटलं, अगं, सिनेमात आपली नावं कशी येतील? तर ती म्हणते, नटाचं येतं, दिग्दर्शकाचं येतं, शिंप्याचंसुद्धा येतं, मग आमचंच का नाही?

मिमी शेवटपर्यंत बसली. घरी येऊन म्हणाली, पोरीला कळवू नकोस. मी कळवते आहे. राग मानू नकोस.
तुझी,
वस्तिना

जकार्ता,
५ सप्टेंबर

चि. वस्तिना हिस,
आशीर्वाद. वि. वि.

राग कशाचा मानू? आता माझंही खरं ऐक.

रेकॉर्डिंगच्या दिवशी दिग्दर्शकाने मला विचारलं होतं, बासरी वाजते तेवढ्यात तू काय करतेस? मी सवयीने दोन-चार नावं पुकारून दाखवली. तुझ्या नवऱ्याचं घेतलं, दास्किमवाकांचं घेतलं. शहरी वादक हसायला लागले. एकाने ती नावं नाक दाबून परत म्हणून दाखवली. आणि मीही त्यांच्याबरोबर हसले. मीच म्हणाले, काही नाही हो, गावाकडची खोड आहे, तिथे काहीही टाका. कारंजं तिथे आलं ते माझ्या त्या बोलण्यामुळे. गोष्ट दुबळी नव्हती, नटही जेवढा हवा तेवढाच लाकडी होता. मला माझ्या माणसांची लाज वाटली आणि ती लाज पडद्यावर वीस फूट उंच दिसली.

लाजून बसायला माझ्याकडे वेळ नाही. प्रिंट बदलता येत नाही, पण बासरीचा तुकडा आला की तार्सिवानला यंत्राचा आवाज बंद करता येईल की नाही? तेवढ्यात दास्किमवाक मैदानात बासरी वाजवतील आणि मी माईकवर नावं घेईन. तुकडा संपला की आवाज परत सुरू. तू लग्नांत करून द्यायचीस तशा नावांच्या याद्या कर. ट्रक जिथे जिथे जाणार त्या प्रत्येक गावाची वेगळी. हांदोयोसाहेबांना मी विचारलेलं नाही. विचारलं तर नाही म्हणतील, आणि मी तर येणारच आहे.

वाकांना तू सांगून ठेव. मला भीती वाटते ती त्यांचीच.
तुझी,
यायू

जुन्तिन्युआत,
१२ सप्टेंबर

ती. यायूस,
सलाम. वि. वि.

अकरा गावं, चारशे बारा नावं. मासळीवाल्यांच्या हाती निरोप पाठवून गोळा केली. रास्मिनाचं दोनदा आहे, एकदा तिचं आणि एकदा बोकडाची मालकीण म्हणून. तिने ऐकलंच नाही.

दास्किमवाक मात्र म्हणाले, मी काही पोतं नाही ट्रकवर टाकायला. तिला माझी गरज असेल तर तिने माझ्या दारात यावं, दिवसाढवळ्या, शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसेल असं. तेव्हा सकाळची बस पकड. आणि ते निळं काजळ धुऊन ये, मिमी दचकते.

वाट बघते.
तुझी,
वस्तिना

एरेतान,
२५ सप्टेंबर

चि. वस्तिना हिस,
आशीर्वाद. वि. वि.

घरून निघाल्यापासून तुला लिहिते म्हणते आणि वेळ होत नाही. वाकांच्या पायरीवर मी सकाळपासून बसले होते ते तू बघितलंसच. ते जाळं विणत राहिले, वर बघेनात. दुपारी काकूंनी मला भात वाढला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, त्या शहरी माणसाने बासरी कोणत्या पट्टीत वाजवली? तेव्हाच मला कळलं की हे येणार.

पहिल्याच गावी, लोसारांगला, आपली फजिती झाली. मी पडद्याशेजारी उभी राहून नावं घेतली, तर सगळं मैदान पडद्याकडे पाठ करून माझ्याकडेच बघत बसलं. वर एक वार्तिया रडते आहे, खाली दुसरी घाम पुसते आहे. एक आजी मोठ्याने म्हणाली, यातली खरी कोणती, एकदा ठरवा. गोष्ट कुणी बघितलीच नाही. नुसती गाणी झाल्यावर लोक खुशाल घरी गेले. तार्सिवान म्हणाला, पुरे झालं, परत जाऊ. मी म्हटलं, माझा चेहरा जायची वेळ आलीय आणि तू कसला परत जातोस!

दुसऱ्या दिवशी कांदांगहाउरला मी आणि वाक पडद्याच्या मागे जाऊन बसलो. तिथून मला माझाच चेहरा उलटा दिसतो. बासरी वाजली, मी पहिलं नाव घेतलं आणि मैदानातून ‘आहे!’ असा आवाज आला. अगं, पडद्यावरच्या बाईने हाक मारली, असंच त्यांना वाटलं. ती कारंज्याभोवती पळत होती तरी कुणाचं काही बिघडलं नाही. शेवटपर्यंत एक माणूस हलला नाही. कारण तिने एकदा नाव घेतल्यावर तिला थोबाडीत बसते तेव्हा ती आपल्या घरातल्या बाईला बसते.

काल इथे सिनेमाआधी एक कोळीण आली. नवरा दोन वर्षांपूर्वी बोटीबरोबर गेला, त्याचं नाव घ्याल का, म्हणाली. यादीत मेलेल्यांची नावं आपण कधी घेतली नाहीत. मी वाकांकडे बघितलं. ते म्हणाले, घे, बासरी मी थोडी लांबवतो. मी नाव घेतलं. सगळं मैदान ‘आहे’ म्हणालं, वस्तिना. वाक वाजवत राहिले.

अजून आठ गावं. सगळ्यांत शेवटी आपलं. मिमीला म्हणावं, चटई झटकून ठेव.
तुझी,
यायू

जकार्ता,
३० ऑक्टोबर

चि. वस्तिना हिस,
आशीर्वाद. वि. वि.

घरून आल्याबरोबर चहाचं बोलावणं आलं. मी सामान बांधूनच गेले होते. हांदोयोसाहेब म्हणाले, मी पात्रोल गावात मैदानाच्या मागे उभा होतो. गुपचूप येऊन! त्यांचा ड्रायव्हर तिथलाच. मी त्याचं नाव घेतलं तर तो गाडी सोडून लोकांत जाऊन बसला, साहेबांना भेटला तो सिनेमा संपल्यावरच. मग त्यांनी विचारलं, शहरात चार दिवस आणि तिथे लोक ट्रकच्या पाठोपाठ दुसऱ्या गावाला येतात, हे कसं? मी सगळं सांगितलं, माझ्या हसण्यासकट.

ते म्हणाले, सोपं आहे, पुढच्या सिनेमात नावं घालू. मी म्हटलं, कुणाची? लोसारांगची नावं पात्रोलला ऐकवलीत तर तिथे अपमान. त्यापेक्षा बासरीच्या वेळी काहीच नको. कारंजं नको, नट नको. मी समोर बघेन आणि थांबेन. बाकी ज्या त्या गावाने भरावं. त्यांनी दोन दिवस घेतले. काल कागदावर सही झाली. चेहरा माझा आणि ती रिकामी जागाही माझी.

पण मला प्रत्येक पडद्यामागे बसता येणार नाही, शूटिंग आहे. ते तू कर. भिंतीपलीकडून मिमीला आपल्या दोघींचे आवाज आजही वेगळे ओळखता येत नाहीत. कंपनीला एकीचा आवाज आणि दुसरीचा चेहरा हवा होता ना? मिळेल, पण तो असा.

आणि एक. बसमध्ये याद्या पुन्हा वाचल्या. चारशे बारा नावं, बोकडाच्या मालकिणीसकट. तुझं नाही. घरच्या मैदानातही मी कागदावर होतं तेवढंच वाचलं. सोळा वर्षं तू चिठ्ठ्या लिहून माझ्या हातात दिल्यास आणि मी एकदाही बघितलं नाही. मला माफ कर, नोक.
तुझी,
यायू

जुन्तिन्युआत,
६ नोव्हेंबर

ती. वार्तियायायूस,
धाकटीचे सलाम. वि. वि.

माफी कसली? लिहिणाऱ्याने आपलंच नाव घालायचं म्हणजे लाज वाटते, एवढंच. पण खोटं कशाला बोलू, तुला बोकडाच्या गोष्टींनी टाळलेलं चालत नाही. प्रत्येक वेळी बासरी आली की वाटायचं, आज हिला आपोआप आठवेल.

हाक मारायचं काम मी करीन. बदकांवर सराव चालू आहे, ती आता नावानिशी येतात. वाक म्हणतात आवाज बरा आहे, श्वास चोरतेस. मिमी परवा आवाजावरून मला तू समजून निळं काजळ पूस म्हणाली. पाऊस सुरू झालाय, पडदा गुंडाळून ठेवलाय. तोवर पुढच्या वर्षाच्या याद्या होतील. अकराच नाही, वीस गावं करते.

फक्त आपल्या गावचं एक काम माझ्याच्याने होणार नाही. सगळ्यांना मी पुकारीन, पण स्वतःला स्वतःच कशी हाक मारू? तेवढ्या एका नावासाठी तुला यावं लागेल, शूटिंग असो की काही असो. त्या दिवशी पडद्यामागे तू बस. बासरी सुरू झाली की मी कढई खाली उतरवीन आणि सगळ्यांसारखी हनुवटी वर करून उभी राहीन.

तुझा लोभ मला पत्रात पुरला, आता तो मैदानात ऐकायचा आहे. नाव खाली सुवाच्य लिहिते, म्हणजे वाचताना चुकणार नाही.

वस्तिना