सुनेचा खून, लाल उजेडात

३ ऑगस्ट
नाही बाई, घाबरले कुठं? डोळे मिटले ते चष्मा पुसायला. नात ऋता सुट्टीवर आलीये, तिनं लॅपटॉपवर जुना इटालियन खुनाचा सिनेमा दाखवला. काय ते घर! एका भिंतीवर लाल उजेड, दुसरीवर निळा, जत्रेतल्या पाळण्यासारखा. बाई देखणी, जिना गोल गोल, आणि खुनी दिसतच नाही. नुसते काळे हातमोजे.
ऋताला तसलाच सिनेमा करायचाय, आमच्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावच्या घराच्या बेसमेंटमध्ये. शूटिंग संपलं की ती कॅलिफोर्नियाला, कॉलेजात. जाऊ दे. मला तेवढीच शांतता.
हिरॉइन मीच. ठरलं.

५ ऑगस्ट
हिरॉइन सून. आसावरी. मी खुनी, त्यातही फक्त हात. ऋता म्हणते, आजी, खुन्याचं तोंड दाखवायचं नसतं, दॅट्स द स्टाइल. बघू. कॅमेऱ्यापुढं वाकायला कितीसा वेळ लागतो?

६ ऑगस्ट, दुपार
खिडक्यांना कचऱ्याच्या काळ्या पिशव्या. दोन रंगांचे बल्ब. फ्रीझर लाल, तांदळाची पोती निळी. रक्त माझ्याकडं. बीट आटवलं, तर ऋता म्हणे खरं वाटतंय, खरं नको, रंगासारखं भडक हवं. मग कुंकू कालवलं. हे गेल्यापासून करंडा पडूनच होता.
आसावरी जिन्यावर, गाऊनमध्ये. मी मागून गळा धरायचा. धरला. गाऊनचं लेबल बाहेर आलं होतं, ते आत सारलं. कट.

८ ऑगस्ट
आज सुनेला मारणारच.
मारलं. पण मारता मारता म्हणाले, गॅस बंद केलास का गं? आसावरी मेल्यावर हसत सुटली. चूक तिची. मेलेल्या बाईनं हसू नये. ऋताला म्हटलं, तुझी आई लग्नात आंतरपाटामागंही अशीच खिदळत होती. ऋता म्हणे, आजी, प्लीज, फोकस.

११ ऑगस्ट
पावडर लावून फ्रेममध्ये तोंड घातलंच. लाल उजेडात कशी दिसले कोण जाणे, मुलगा चारुदत्त कपडे धुवायला खाली आला तो बास्केट टाकून वर पळाला. ऋता खूश. म्हणे, तुझा डोळा हवा! पडदाभर एकच डोळा, क्लोजअप.
कॅमेरा जवळ आला. मी डोळा मारला.

१४ ऑगस्ट
परत मारला. पापणी ऐकत नाही, वय झालं. आसावरी म्हणते, आई, परवा फ्लाइट आहे तिचं. मी म्हटलं, पुढं ढकला, कला घाईनं होत नाही. ऋता म्हणाली, आजी, तू ना, इम्पॉसिबल आहेस यार.

१५ ऑगस्ट
हातमोजे चारुदत्तला दिले. त्यानं एका टेकमध्ये बायको मारली. एवढी तयारी कधीपासून होती, विचारलंच मी. डोळा आसावरीचा घेतला. काजळ लावून. पॅक-अप.
मी सिनेमात कुठंच नाही. नसू दे.

१६ ऑगस्ट
ऋताला सोडून आलो. आसावरी खिडक्यांच्या पिशव्या काढायला निघाली, म्हटलं राहू देत. खाली लाल दिवा लावून बसले.
पापणीला काही झालेलं नाही. पहिल्याच दिवशी मी सुनेला नीट मारलं असतं. मुद्दाम बिघडवत होते. संपलं असतं तर पोरगी गेली असती.