काडेपेटी न ठेवता काढलेला फोटो

प्रिय चिमटी,

मायना काय लिहावा, यावरच चहा गार झाला. 'आदरणीय प्राणिशास्त्र विभागप्रमुख' लिहायला हात होईना. आणि या नावानं तुला हाक मारणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं असेल असं वाटत नाही. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण पाण्यात उतरले की गप्प बसतात. तळ्याकाठचं हे घर तू पाहिलेलं नाहीस. तुझ्या बंगल्यापासून गाडीनं जेमतेम अर्धा तास लागतो, हे आपलं सहज लिहिलं.

मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात पाणी कोमट झालं आणि धक्क्याच्या खांबांना पाण्याखाली गोळे दिसू लागले. भोपळ्याएवढे, थलथलीत, वर चांदण्यांसारखी नक्षी. सकाळी पोहणाऱ्या आम्हा बायकांपैकी एकीचा पाय लागला आणि तिनं अशी किंकाळी फोडली की पलीकडच्या काठावरची कुत्री भुंकायला लागली. कुणी म्हणे मेंदू आहे, कुणी म्हणे दवाखान्याचा कचरा. नावाड्यानं तर सांगून टाकलं, बाई, तळ्याला गळू झालंय, फुटलं की कळेल. रखवालदारानं फोनवर फोटो काढला, तो तळ्याच्या समितीकडे गेला आणि समितीकडून तुझ्याकडे. तू एका ओळीत निकाल दिलास: बाहेरून आलेल्या, रोग पसरवणाऱ्या गोगलगायीची अंडी, ताबडतोब नष्ट करावीत. झालं. पोहणं बंद, जाळी बंद. येत्या शुक्रवारच्या सभेत होकार मिळाला की तळ्यात मोरचूद ओतणार आहेत. मोरचुदानं गोगलगायी मरतात, खरं आहे. मासेही मरतात. त्या माशांवर जगणारी घरं माझ्याच गल्लीत आहेत. त्यांतल्या एकीनं परवा मला दारातच अडवलं. म्हणाली, तुमच्या त्या शिकलेल्या मैत्रिणीला म्हणावं, येऊन एकदा पाय तरी भिजव, पुसायला टॉवेल मी देते. तुझी मैत्रीण म्हणून मिरवायची हौस माझीच.

चिमटी, त्या फोटोत मापाला काहीच नाही. तो गोळा नखाएवढा की घागरीएवढा, हे त्यावरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. ओढ्यावर नमुने गोळा करायचो तेव्हा प्रत्येक नमुन्याशेजारी काडेपेटी ठेवून मगच फोटो काढायचा, हा आपला दोघींचा नेम होता. काडेपेटी विसरलेल्या एका मुलाची तू सगळ्या वर्गासमोर इतकी टर उडवलीस की त्यानं विषयच बदलला. गोगलगायीच्या अंड्यांचा पुंजका बोटाच्या टोकावर मावतो. हा गोळा मला दोन्ही हातांनी उचलावा लागला.

हो, उचलला. बंदी मोडून उतरले. एक तुकडा पाण्यासकट बरणीत घातला आणि स्वयंपाकघरात भिंग घेऊन बसले. बराच वेळ काही नाही. मग एकेक करून उघडले: बारीक तंतूंचे झुपके, घोड्याच्या नालेसारखे वळलेले, शेकडो. टेबलाला कोपर लागलं की सगळे एकदम आत. अंडं असं दचकत नाही. खालच्या बाजूला मोहरीएवढ्या तपकिरी चकत्या, कडेनं आकड्यांची झालर. ब्रायोझोआ! पुस्तकात पाहिलेला, जिवंत पहिल्यांदाच पाहिला. तो गोळा म्हणजे एक प्राणी नाही, इवल्या जिवांची अख्खी वसाहत. चावत नाही, पाणी गाळून त्यातलं बारीकसारीक खाते. मोरचुदानं हे गोळे मरतील, मासेही मरतील. पण त्या चकत्या बियांसारख्या चिवट. तळाशी पडून राहतील आणि पुढच्या मोसमात पुन्हा उगवतील. म्हणजे तू जे मारायला निघालीस, तेवढंच नेमकं शिल्लक राहील. आणि खरं सांगू? ते झुपके उघडले तेव्हा मी रिकाम्या घरात मोठ्यानं तुला हाक मारली. लवकर ये, बघ, म्हणून.

फोन केला होता. तुझ्या साहाय्यकानं घेतला. मॅडम बैठकीत आहेत, आपण कोण? कॉलेजची मैत्रीण, म्हटलं. तर म्हणतो कसा, अशा बऱ्याच येतात. दुसऱ्यांदा केला तेव्हा उत्तर तयार होतं: मॅडमचं मत ठाम आहे. तुझं मत ठामच असायचं. विभागात जागा एक आणि अर्ज आपल्या दोघींचे, तेव्हाही तू ठामपणे म्हणालीस, मला मिळाली तर वर्षभरात तुलाही आत ओढते. तुला मिळाली. मी शाळेत लागले आणि सातवीच्या पोरांना बेडकाचं हृदय शिकवत म्हातारी झाले. मी तुझ्या बोलावण्याची वाट पाहिली नाही, असं सगळ्यांना सांगत आले.

शुक्रवारी समितीनं मला बोलायला बोलावलंय. मी हो म्हटलंय. बरणी टेबलावर ठेवीन, भिंग अध्यक्षांच्या हातात देईन, आणि तज्ज्ञ म्हणून तू समोरच्या खुर्चीत असशील. लोक म्हणतील, म्हातारीनं डूख धरला होता. इथे मी लिहिलं होतं की मला फक्त तळं वाचवायचंय. मग ते खोडलं. भरल्या सभेत तुझं तोंड उतरलेलं मला पाहायचंय. काल आरशासमोर भाषणाची तयारी करताना त्या विचारानं मला हसू आलं, आणि ते हसू पाहून मीच घाबरले. म्हणून हे पत्र. गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुझं मत तूच मागे घे. एक ओळ पुरे, दिलंस तेव्हाही एकच लागली होती. मग मी सभेला फिरकणार नाही, आणि चूक कुणाची होती ते माझ्या तोंडून कुणाला कळणार नाही. नाही घेतलंस, तर मी येईन. आणि एकदा बोलायला उभी राहिले की मला थांबवणं माझ्याही हातात राहणार नाही.

अजून तरी तुझीच,
फूटपट्टी