साहेबांची गाडी अडवली नाही

धुळे, ११ जून

तीर्थरूप आबा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. माझी तब्येत बरी आहे. मंडपात सावली आहे, पोलीससुद्धा रोज "मॅडम, चहा झाला का?" विचारतात. आईला म्हणावं, काळजी करू नको.

सोनगीरजवळच्या आमच्या वस्तीची शाळा बंद करू नका म्हणून धरण्याला बसलो, त्याला आज एकोणीस दिवस झाले. शाळा गेली तर पोरांना हायवे ओलांडून पलीकडच्या गावी जावं लागेल.

चौथ्या दिवशी बाया शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसच्या फाटकातच बसल्या होत्या. साहेबांची गाडी आली. कोणाला त्रास द्यायचा नाही, असं म्हणून मीच सगळ्यांना उठवलं आणि रस्त्यापलीकडे नेलं. ती अहिंसा होती की माझी भीती? वहीत दोन्ही लिहिलं आणि दोन्ही खोडलं.

रुक्माबाईच्या दोन नाती त्या शाळेत आहेत. ती काल म्हणाली, "ताई, आपन इतला शहानपने बठनूत का तेस्ले आपली सवय व्हई गई." साहेबांना आमची सवय झाली, हे ऐकून सगळ्या हसल्या. मीही हसले.

सोमवारी शाळा उघडतात, आमची उघडणार नाही. बाकीच्या धरण्यावर बसतील. मी आणि रुक्माबाई सकाळ-संध्याकाळ पोरांचे हात धरून त्यांना हायवेपलीकडे नेणार-आणणार आहोत. म्हणजे साहेबांचा हुकूम आम्हीच नीट पार पाडणार. पण पोरांना एकटं कसं सोडायचं, आबा?

तुमचा खोकला कमी झाला का? दोन ओळी तरी लिहा.

तुमची
कामिनी