केरसुणीतलं भूत

चोपडा, ता. ७ सप्टेंबर १९९६

चि. कोकिळा हिस मोठीमायचे आशीर्वाद. आठे बठ्ठं ठीक शे. तुझ्या बापानं, माझ्या सुकदेवनं, तुला धुळ्याचं स्थळ आणलंय. मुलाचं खताचं दुकान आहे. बोलतो कमी, खातो जास्त. सुकदेव म्हणतो, दिवाळीपर्यंत नोकरी कायम झाली तर राहू दे पुण्याला, नाहीतर बोलावून घ्या. नोकरी म्हणजे दिवसभर भुतांची चित्रं काढायची, हे मी अजून गल्लीत सांगितलं नाही. काय ते कळव.

तुझी मोठीमाय झुंबरबाई

पुणे, ता. १६ सप्टेंबर

ती. मोठीमायच्या चरणी सा. न. वि. वि.

नोकरी आता तुझ्या हातात आहे. आमचा कार्टूनचा सिनेमा कोरियातल्या जुन्या गोष्टींवर आहे. त्यात तिकडचं एक भूत आहे, ते मेलेल्या माणसाचं नसतं. जुन्या, टाकून दिलेल्या केरसुणीतून निघतं. वाटसरूला कुस्तीला बोलावतं, हरतं, आणि खूश झालं तर सोनं देतं. मी त्याला शिंगं काढली, तर कोरियाचे साहेब म्हणाले, शिंगं शेजारच्या देशातल्या भुताला, आमच्या नाही. माझे सगळे चेहरे नापास झाले. शेवटी वैतागून, तू दूधवाल्याशी भांडतेस तेव्हाचा तुझा चेहरा काढला. साहेब हसत सुटले, म्हणाले, हेच. पण ज्याचा चेहरा त्याची परवानगी हवी, असं त्यांचं म्हणणं. तू हो म्हणालीस तर मी कायम. रागावू नकोस, लोभ आहे तो ठेव.

तुझी कोकिळा

चोपडा, ता. २३ सप्टेंबर

चि. कोकिळा हिस आशीर्वाद. तुझं पत्र सुकदेवनं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचलं, त्यामुळे गल्लीला सांगायचं काम उरलं नाही. दूधवाला आता माप भरून देतो आणि पळतो.

भुताचा मला राग नाही. राग आला तो केरसुणीचा. लक्ष्मीपूजनाला आपण तिला हळदकुंकू वाहतो, पाय लागला तर हात जोडतो, आणि ही माणसं तिच्यातून भूत काढतात. मग विचार केला, केरसुणीतून निघतं आणि सोनं देतं, म्हणजे लक्ष्मीच की ती. त्या बिचाऱ्यांना ओळखू आली नाही. तेव्हा घे माझा चेहरा. डोक्यावर पदर मात्र दाखव. उघड्या डोक्यानं मी कुस्ती खेळायची नाही.

सुकदेवला म्हटलं, धुळ्याला नाही म्हणून कळव. तो म्हणे, कारण काय देऊ? म्हटलं, घरात भूत आहे म्हण.

गोष्टच तशी आहे तर हरते मी. पण जिंकणाऱ्या वाटसरूला तुझ्या आबांचा, म्हणजे आमच्या ह्यांचा, चेहरा लावू नको, चोपड्यात कोणी खरं मानणार नाही. आबांना हे वाचून दाखवलं. ते उठून ओटा झाडायला गेले.

माया आटू देऊ नको.

तुझी मोठीमाय झुंबरबाई